इराणच्या सीमेत न मावणाऱ्या इराणी भाषा

तब्रीझ हे इराणमधील एक जुने आणि मोठे शहर आहे, पण तेथील बहुसंख्य लोकांची मातृभाषा इराणी नाही. ती अझरबैजानी, म्हणजे तुर्की कुळातली आहे. तेथून उत्तरेकडे निघून कॉकेशस पर्वत ओलांडला आणि रशियातील व्लादिकाव्काझ गाठले, तर तेथील ओसेती माणूस घरात जी भाषा बोलतो ती मात्र नि:संशय इराणी कुळातली आहे, आणि त्याला आपण इराणी आहोत असे क्वचितच वाटते. देश, लोक आणि भाषा या तीन गोष्टी एकमेकींवर ठेवून पाहाव्यात आणि एकही कड जुळू नये, असा हा प्रकार आहे. मोडी कागदांच्या निमित्ताने माझी फारसीशी ओळख झाली, फारसीचे बोट धरून मी तिच्या गोतावळ्यापर्यंत पोहोचले, आणि तेव्हापासून हे न जुळणेच मला या कुळाच्या इतिहासातील सर्वांत वाचनीय भाग वाटत आले आहे. शाखांना दिशांची नावे मिळाली, पण माणसे त्या दिशांना थांबली नाहीत.

सुरुवात आपल्याला त्यातल्या त्यात परिचित ठिकाणाहून करू. वैदिक संस्कृत आणि पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथाची भाषा या एकाच पूर्वज भाषेतून निघाल्या, आणि त्यांच्यातील अंतर काही ठरावीक ध्वनिबदलांनी मोजता येते. संस्कृतातील 'स' अनेक ठिकाणी इराणीत 'ह' होतो, म्हणून सप्त-हप्त, सोम-हओम, असुर-अहुर, सिंधु-हिंदु. 'भ', 'ध', 'घ' यांतील महाप्राण इराणीत गळतो, म्हणून भ्राता तिथे 'ब्रातर' आणि भूमी 'बूमि' होते. हिरण्य तिथे 'जरन्य' आहे. नक्श-ए-रुस्तम येथील आपल्या थडग्यावर प्राचीन इराणच्या हखामनी घराण्याचा सम्राट दारियस स्वतःची ओळख करून देताना 'पार्स, पार्सह्या पुस, अरिय, अरियचिस' असे म्हणतो: मी पारसिक, पारसिकाचा पुत्र, आर्य, आर्य वंशाचा. 'पुस' म्हणजे आपला 'पुत्र', आणि या 'त्र'चा 'स' झाला आहे हे ध्यानात ठेवावे, कारण जुन्या फारसीची ती खास खूण आहे. येथे 'आर्य' हे एका समूहाने स्वतःला घेतलेले नाव आहे. त्याच्याच षष्ठी बहुवचनातून, 'आर्यांचा' या अर्थाने, इस्लामपूर्व इराणवर राज्य करणाऱ्या सासानी राजांच्या काळातील 'एरान' आणि आजचा 'इराण' आला. युरोपात पुढे या शब्दावर वंशश्रेष्ठत्वाचे जे इमले रचले गेले, त्यांचा दारियसशी काही संबंध नाही. आणि १९३५ मध्ये इराण सरकारने परदेशांना 'पर्शिया'ऐवजी 'इराण' म्हणण्याची विनंती केली, तेव्हा एका मोठ्या भाषाकुळाचे नाव एकाच राष्ट्राच्या नकाशाला चिकटले, आणि आजचा निम्मा गोंधळ तेथून सुरू झाला.

या नात्याचा शोध लागण्यात आपल्या किनाऱ्याचा वाटा मोठा आहे. आंकतिल द्युपेराँ हा फ्रेंच तरुण १७५८ मध्ये सुरतेला आला, तेथील पारशी दस्तुरांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, अवेस्ता आणि पहलवी ही मध्ययुगीन फारसी शिकला, आणि १७७१ मध्ये त्याने अवेस्ताचे फ्रेंच भाषांतर छापले. विल्यम जोन्ससारख्या इंग्रज प्राच्यविद्यापंडिताने त्याची यथेच्छ टर उडवली. झरथुष्ट्रासारखा द्रष्टा असले काही लिहिणे शक्यच नाही, असा त्याचा एकूण सूर होता. पुढे रास्मुस रास्क हा डॅनिश पंडित इराणमार्गे १८२० मध्ये मुंबईला पोहोचला, त्याने येथून जुनी हस्तलिखिते मिळवली, आणि अवेस्ताची भाषा बनावट नाही, ती संस्कृताची बिघडलेली बोलीही नाही, तर तिच्या बरोबरीची स्वतंत्र प्राचीन भाषा आहे, हे १८२६ मध्ये दाखवून दिले. पश्चिम इराणमधील बेहिस्तूनच्या कड्यावरचा दारियसचा तीन भाषांतील प्रचंड लेख जीव धोक्यात घालून उतरवून घेणारा हेन्री रॉलिन्सन हाही कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातला. तो १८२७ मध्ये कोवळ्या वयात येथे दाखल झाला होता आणि इराणला जाण्याआधीच फारसी शिकला होता.

प्राचीन काळातील ज्या इराणी भाषांचे सलग लेखन आपल्या हाती आहे त्या दोनच: अवेस्ताची भाषा आणि हखामनी राजांच्या शिलालेखांतील जुनी फारसी. त्यांपैकी अवेस्ता शतकानुशतके केवळ पाठांतराने टिकली. ती लिहून काढण्यासाठी सासानी काळात पन्नासहून अधिक अक्षरांची खास लिपी तयार करण्यात आली, कारण मंत्राचा उच्चार तसूभरही चुकता कामा नये अशी पुरोहितांची अट होती. वेदपाठाच्या परंपरेत वाढलेल्या आपल्याला ही चिंता समजायला अवघड नाही. बाकीच्या भाषा चुटपुट शब्दांत उरल्या आहेत. वायव्य इराणातील मीड लोक कुत्र्याला 'स्पक' म्हणतात, एवढे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस नोंदवून ठेवतो, आणि हा एकच शब्दही बराच बोलका आहे, कारण मीड भाषेत जेथे 'स्प' येतो तेथे जुन्या फारसीत नुसता 'स' येतो. अश्वाला मीड 'अस्प' म्हणत, तर दारियसच्या पार्स मुलखातला शब्द होता 'अस'. आज फारसीत घोडा 'अस्प' आहे तो मीडांकडून घेतलेला. घरचा 'अस' मात्र 'असबार' म्हणजे अश्वारूढ या शब्दात दडून राहिला, त्याचा पुढे 'सवार' झाला, आणि तो आपल्याकडे 'स्वार' म्हणून आला. आपल्या घोडेस्वारात अशा रीतीने दोन घोडे आहेत. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात हिंडणाऱ्या सिथियनांनी तर काहीच लिहून ठेवले नाही. त्यांची व त्यांच्या भाईबंदांची भाषा राजांच्या नावांत आणि नद्यांच्या नावांत शिल्लक आहे: डॉन, नीपर, नीस्टर आणि डॅन्यूब या नावांत 'दानु' हा पाण्याचा शब्द आहे असे मानतात, आणि ओसेती भाषेत पाण्याला आजही 'दोन' म्हणतात.

आता शाखांकडे वळू. इराणी भाषांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट पाडतात, आणि पश्चिमेचे पुन्हा वायव्य आणि नैर्ऋत्य असे दोन भाग करतात. ही नावे ठेवताना त्या त्या भाषा प्राचीन आणि मध्ययुगात कोठे बोलल्या जात हे डोळ्यांसमोर होते. कोणती भाषा कोठे बसते हे ठरवण्याची एक सोपी कसोटी 'जाणणे' या आपल्याच क्रियापदाने देता येते. संस्कृतातील 'ज्ञा' या धातूच्या जागी फारसीत 'दान' येतो. 'नादान' हा शब्द आपण त्यातूनच उचलला. कुर्दीत आणि बलुचीत मात्र तेथे 'जान' येतो, आणि हा 'ज' आपल्या जमिनीतल्या 'ज'सारखा उच्चारायचा. जावयाला फारसीत 'दामाद', तर कुर्दीत 'जावा' आणि बलुचीत 'जामात'. म्हणजे 'द'वाली फारसी नैर्ऋत्येची आणि 'ज'वाल्या कुर्दी-बलुची वायव्येच्या. पण नकाशा उघडून पाहा: बलुच लोक राहतात इराणच्या आग्नेय टोकाला, पाकिस्तानातील मकरानच्या किनाऱ्यावर आणि अफगाणिस्तानच्या दक्षिणेला! त्यांची भाषा 'वायव्य इराणी' म्हणवते याचा अर्थ एवढाच, की तिचे पूर्वज कधीतरी कॅस्पियनच्या बाजूने खाली सरकत आले. वाटेत तिने जुनी व्यंजने मात्र कमालीची जपली. फारसीत पाणी 'आब' झाले, बलुचीत ते अजून 'आप' आहे. फारसीत दिवस 'रोज' झाला, बलुचीत तो 'रोच' राहिला.

ओसेतीची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. ती जिवंत इराणी भाषांत सर्वांत उत्तरेला आणि बरीच पश्चिमेला बोलली जाते, पण गणली जाते पूर्व गटात, कारण तिचे जवळचे नाते मध्य आशियातील सोग्दी आणि ख्वारझमी या मृत भाषांशी लागते. ओसेती हे अ‍ॅलन या भटक्या घोडेस्वारांचे वंशज. चौथ्या शतकात हूणांनी त्या लोकांची पांगापांग केली. काही अ‍ॅलन जर्मन टोळ्यांबरोबर थेट स्पेन आणि उत्तर आफ्रिकेपर्यंत गेले, आणि मागे राहिलेल्यांना तेराव्या शतकात मंगोलांनी डोंगरांत ढकलले. त्याच धामधुमीत एक गट हंगेरीत जाऊन वसला. तेथील यास लोक आज हंगेरियन बोलतात, पण १४२२ सालच्या एका कागदाच्या पाठीवर त्यांच्या भाषेतील काही शब्द लॅटिन अर्थांसह टिपलेले सापडले, आणि ते ओसेतीशी जुळले. कॉकेशसमध्ये टिकून राहिलेल्या ओसेतीने शेजारच्या भाषांकडून काही अगदी परके ध्वनी घेतले आहेत. क्रियापदांचा आणि नात्याच्या शब्दांचा गाभा मात्र इराणीच आहे.

मध्ययुगीन टप्पा मला सर्वांत आवडतो, कारण येथे राजांखेरीज इतर माणसेही बोलू लागतात. सासानी दरबाराची पहलवी भाषा वाचणाऱ्याची परीक्षा घेते: तिच्या लिपीत अक्षरे इतकी कमी, की एकच चिन्ह अनेक ध्वनींसाठी वापरावे लागते, आणि वर लेखनिकांची खोड अशी, की शब्द लिहायचा अरमाईक या सेमिटिक भाषेतला आणि वाचायचा फारसी. भाकरीला 'लह्मा' लिहायचे आणि 'नान' वाचायचे. राजाला 'मल्का' लिहायचे आणि 'शाह' वाचायचे. हखामनी राजवटीचा कारभार अरमाईकमधून चालत असे, त्या कारकुनी सवयीचे हे उरलेले अवशेष होते. याउलट सोग्दी भाषेची मुख्य ओळख व्यापाऱ्यांची भाषा म्हणून आहे. समरकंद आणि पंजीकंदचे हे लोक चीनपासून बायझँटियमपर्यंतच्या मार्गांवर पसरले होते. सिंधू नदीच्या वरच्या अंगाला शतियाल येथील खडकांवर त्यांची शेकडो नावे कोरलेली आहेत. ऑरेल स्टाइनला १९०७ मध्ये चीनमधील दुनहुआंगजवळच्या एका पहाऱ्याच्या बुरुजात टपालाची एक पिशवी सापडली. तिच्यात चौथ्या शतकाच्या सुरुवातीची, कधीच पत्त्यावर न पोहोचलेली सोग्दी पत्रे होती. त्यांतील दोन पत्रे मिवनय नावाच्या स्त्रीची आहेत. नवऱ्याने तिला मुलीसह परमुलखात सोडून दिले आहे, कर्ज फिटत नाही, परत जायला सोबत मिळत नाही. आई आणि भावांचे न ऐकता तुझ्यामागे येथे आले, त्याच दिवशी देव माझ्यावर कोपले असणार, असे ती त्याला लिहिते, आणि तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची नाही तर डुकराची बायको झाले असते तरी बरे होते, असेही ऐकवते. कुठल्याही विजयस्तंभावरच्या लेखापेक्षा मला हे पत्र मोलाचे वाटते.

सोग्दियाच्या दक्षिणेला, ऑक्सस म्हणजे आजच्या आमू दर्या नदीच्या पलीकडे बॅक्ट्रिया. तेथे अलेक्झांडरच्या वारसांमुळे ग्रीक लिपी रुजली, आणि बॅक्ट्रियन ही ग्रीक लिपीत लिहिली जाणारी एकमेव मध्ययुगीन इराणी भाषा ठरली. ग्रीकमध्ये 'श' नसल्याने त्यासाठी एक जादा अक्षर घडवावे लागले. कुषाण सम्राट कनिष्काने नाण्यांवरून ग्रीक काढून बॅक्ट्रियन आणली आणि स्वतःला 'शाओनानोशाओ', म्हणजे राजांचा राजा, म्हणवून घेतले. अफगाणिस्तानातील रबातक येथे १९९३ मध्ये सापडलेल्या शिलालेखात त्याने आज्ञा आधी ग्रीकमध्ये काढून मग 'आर्य' भाषेत आणल्याचा उल्लेख आहे. आर्य भाषा म्हणजे येथे बॅक्ट्रियन. कुषाण मुळात ही भाषा बोलणारे नव्हते असे बहुतेक अभ्यासक मानतात, तरी जिंकलेल्या प्रदेशाची भाषा त्यांनी आपली केली.

पूर्वेला, आजच्या पश्चिम चीनमधील तारिमच्या वाळवंटाकाठी, खोतान येथे शकांची एक शाखा बौद्ध ग्रंथ लिहीत होती, ब्राह्मी लिपीत. ब्राह्मीत 'जमीन'मधल्या 'ज'ला स्वतंत्र अक्षर नव्हते, म्हणून त्यांनी 'य्स' असे जोडाक्षर योजले. हा बारकावा सांगण्याचे कारण आपल्या दाराशी आहे. पश्चिम भारतातील क्षत्रप राजा चष्टन याच्या नाण्यांवर त्याच्या पित्याचे नाव 'य्सामोतिक' असे कोरले आहे; तेच 'य्स', त्याच ध्वनीसाठी. संस्कृत वा प्राकृत नावात असे जोडाक्षर कशाला येईल? हे राजे शक होते आणि त्यांची नावे खोतानच्या भाषेशी नाते सांगणारी होती, याचा एवढा नेटका पुरावा दुसरा मिळणे कठीण. 'क्षत्रप' ही पदवीही इराणीच, राज्याचे रक्षण करणारा या अर्थाची. तिच्यातील 'क्षत्र' हाच शब्द झिजून फारसीत 'शहर' झाला.

चष्टनाच्या आधीचा नहपान तर नाशिक, जुन्नर, कार्ले या पट्ट्यावर राज्य करत होता. त्याचा जावई उषवदात हा स्वतःला शक म्हणवतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण नाण्यांची कायम ठेव ठेवल्याचा लेख आहे: दोन हजार गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. आजच्या ठेवपावतीतही इतकी स्पष्टता क्वचित आढळते. लेखाची भाषा प्राकृत-संस्कृत. उषवदात म्हणजे ऋषभदत्त, आणि त्याच्या बायकोचे, नहपानाच्या मुलीचे नाव दक्षमित्रा. म्हणजे एका पिढीत नावे बदलली, भाषा बदलली, फक्त 'शक' ही ओळख उरली. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या क्षहरात घराण्याचा नि:पात केला. जवळच्याच लेण्यात त्याची आई बलश्री त्याला शक, यवन आणि पल्हव यांचा संहारक म्हणते. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाचा मुखवटा मात्र खालून डोकावतो. शक हरले असले तरी कालगणनेत त्यांचे नाव राहिले, आणि तेही शालिवाहनाच्या नावाला जोडून!

पश्चिमेत सासानी सत्ता अरबांपुढे कोसळली आणि शेवटचा राजा तिसरा यझ्दगर्द ६५१ मध्ये मर्वजवळ मारला गेला. त्यानंतर जे घडले ते या इतिहासातील सर्वांत मोठे उलटे वळण आहे. नैर्ऋत्येच्या पार्स प्रांताची भाषा आपल्या माहेरी नव्हे, तर पार पूर्वेला, खुरासान आणि बुखाऱ्यात साहित्याची भाषा म्हणून नव्याने उभी राहिली. अरब फौजांबरोबर फारसी बोलणारे शिपाई, कारकून आणि व्यापारी मोठ्या संख्येने पूर्वेला गेले होते. तिथल्या सामानी या स्थानिक घराण्याच्या दरबारात, दहाव्या शतकात, रुदकीने फारसी काव्याला रूप दिले. त्याचे गाव आजच्या ताजिकिस्तानात आहे. तूसच्या फिर्दौसीने १०१० मध्ये शाहनामा हे महाकाव्य पूर्ण केले. फारसीच्या या वैभवाची किंमत सोग्दी आणि बॅक्ट्रियन यांनी मोजली. ज्यांच्या मुलखात ती बहरली त्यांच्याच भाषा तिने गिळल्या. आजचा ताजिक माणूस नैर्ऋत्येची भाषा बोलतो, पण त्याच्या पूर्वजांपैकी कितीतरी जण सोग्दी बोलत असणार.

सोग्दी अगदीच निमाली नाही. ताजिकिस्तानातील याघ्नोब नदीच्या उंच, अरुंद खोऱ्यात तिच्या एका बोलीची वंशज टिकून राहिली. रस्ता नाही, वर्षातले कित्येक महिने बर्फ, त्यामुळे फारसी तेथे उशिरा पोहोचली. पण १९७० च्या सुमारास सोव्हिएत अधिकाऱ्यांनी हे सबंध खोरे रिकामे केले, आणि तेथील लोकांना जाफराबादच्या रखरखीत मैदानात कापूस पिकवायला नेऊन बसवले. डोंगरी हवेतल्या माणसांना तो उन्हाळा झेपला नाही, अनेक जण दगावले. १९८० च्या दशकात काही कुटुंबे परत वर गेली. बोलणारे आज काही हजार आहेत. समरकंदच्या व्यापाऱ्यांनी ज्या भाषेत खंडभर देवघेव केली, तिचे आजचे वारसदार मेंढपाळ आणि कापूसवेचे आहेत.

कुर्दीबद्दल लिहिताना तिच्या राजकारणाकडे आधी लक्ष जाते, आणि तेही रास्त आहे: तुर्कस्तानात १९८३ च्या कायद्याने तिच्यातून प्रकाशन करण्यास बंदी होती, ती १९९१ मध्ये उठली, कुर्दीच्या दोन मुख्य बोलींपैकी कुरमांजी लॅटिन लिपीत लिहितात, सोरानी अरबी वळणाच्या लिपीत, आणि दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांचे लेखन सहज वाचता येत नाही. पण मराठी माणसाला कुर्दी व्याकरणात जे सापडेल ते मला जास्त सांगावेसे वाटते. आपण 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी आंबे खाल्ले' असे म्हणतो. खाणारा तोच, पण क्रियापद आंब्याप्रमाणे बदलते. कुरमांजीत एक सफरचंद खाल्ले तर 'मिन सेव ख्वार', आणि अनेक खाल्ली तर 'मिन सेव ख्वारिन'. अगदी हाच न्याय. त्याचे मूळ बेहिस्तूनच्या कड्यावर दिसते, जेथे दारियस 'इम त्य मना कर्तम' म्हणतो. संस्कृतात 'इदं यन्मया कृतम्', मराठीत 'हे जे मी केले'. खुद्द फारसीने पुढे ही रचना टाकून दिली, कुरमांजी आणि पश्तो यांनी ठेवली. या 'मना'तूनच फारसीचा 'मन', म्हणजे 'मी', आला, आणि जुना कर्ता 'अदम्', म्हणजे 'अहम्', नाहीसा झाला. कुरमांजीने दोन्ही ठेवले: वर्तमानकाळात 'एज', सकर्मक भूतकाळात 'मिन'. आपल्याकडेही हेच घडले आहे. मराठीचा 'मी' हा 'मया'तून आला आणि 'अहम्' गेला, पण कोकणीने 'हांव' जपला. गोव्यातला माणूस 'हांव वतां' म्हणतो आणि भूतकाळात 'हांवें खालें'. फारसी आणि कुर्दी यांच्यात जी वाटणी झाली, तिच्याशी मराठी आणि कोकणीची वाटणी पुष्कळशी जुळते, आणि या दोन्ही जोड्यांचा आपसात काहीही संपर्क नव्हता.

पश्तो ही पूर्व गटातील सर्वांत मोठी जिवंत भाषा. भारतीय भाषांच्या शेजाराने तिच्यात ट, ड, ण हे मूर्धन्य ध्वनी आले, ते फारसीत नाहीत. आतून मात्र ती इराणीच आहे, फक्त तिच्यात 'द'चा 'ल' होतो: दश म्हणजे 'लस', दुहिता म्हणजे 'लूर'. तिचा थोर कवी खुशालखान खटक याचा जन्म १६१३ चा. तो आयुष्याच्या उत्तरार्धात औरंगजेबाविरुद्ध तलवार घेऊन उभा राहिला. अफगाण टोळ्यांचे हे बंड इतके पेटले, की १६७४ मध्ये बादशहाला स्वतः हसन अब्दालला जाऊन ठाण मांडावे लागले, आणि नेमक्या त्याच वर्षी रायगडावर राज्याभिषेक झाला. दक्षिणेवरचा मोगली दाब त्या वर्षांत सैल पडण्यामागे खैबरकडील लढाई हे एक कारण होते, हे जदुनाथ सरकारांनी दाखवून दिले आहे. आपल्या इतिहासकथनात हा धागा फारसा येत नाही, तो यायला हवा.

कॅस्पियनकाठच्या गिलकी आणि माझंदरानी, तुर्कस्तानातील झाझाकी, झाग्रोसमधील लुरी, अझरबैजानच्या सीमेवरील तालिश, ओमानच्या मुसंदम टोकावरची कुमझारी अशी यादी आणखी बरीच लांबवता येईल. पामिरमधील वाखीचे मोजके भाषक अफगाणिस्तान, ताजिकिस्तान, पाकिस्तान आणि चीन अशा चार देशांत विभागले गेले आहेत, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशिया आणि ब्रिटन यांनी आपापल्या सोयीने तेथे सीमा आखल्या. एकाच फारसीची तीन नावेही राजधान्यांनीच ठरवली: इराणमध्ये फारसी, अफगाणिस्तानात १९६४ च्या राज्यघटनेपासून अधिकृतपणे दरी, आणि सोव्हिएत काळात सिरिलिक लिपीत गेलेली ताजिक. तेहरान, काबूल आणि दुशांबे येथील शिकलेली माणसे एकमेकांशी सहज बोलू शकतात.

भाषेवरून रक्त ओळखू पाहणाऱ्यांनी तर या प्रदेशात जपूनच पाऊल टाकावे. अफगाणिस्तानातील हजारा लोकांच्या पूर्वजांत मंगोल आणि तुर्क बरेच आहेत, भाषा मात्र फारसीचीच एक बोली. तब्रीझच्या परिसरात अकराव्या शतकात एक इराणी भाषा नांदत होती; नंतर तेथील लोक तुर्की बोलू लागले, आणि जुन्या बोलींचे अवशेष काही खेड्यांत ताती या नावाने उरले. बलुचांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे ब्राहुई द्रविड कुळातील भाषा बोलतात, पण वेश, चालीरीती आणि टोळीव्यवस्था यांवरून त्यांना बलुचांपासून वेगळे काढणे परक्याला जमत नाही.

मुंबई-पुण्यातील इराणी जरथुस्त्री हे या कुळाचे आपल्या सर्वांत जवळचे लोक. पारशी आणि ते धर्माने एक, पण पारशी हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आले आणि गुजराती झाले. इराणी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात यझ्द आणि किरमानकडील खेड्यांतून, जिझिया आणि छळ मागे टाकून, आले आणि त्यांच्यातील अनेकांनी नाक्यानाक्यावर चहाची हॉटेले आणि बेकऱ्या काढल्या. हॉटेलांवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. त्यांच्या घरातील भाषेवर मात्र फारसे कोणी लिहीत नाही, आणि ती फारसी नव्हे. तिला ते 'दरी' म्हणतात, पण काबूलच्या दरीशी तिचा नावापलीकडे संबंध नाही. ती मध्य इराणच्या बोलींतील एक, वायव्य गटाची, म्हणजे फारसीपेक्षा कुर्दी आणि बलुचीला जवळची. तिच्यात लिहिण्याची परंपरा नाही. यझ्दमधील जरथुस्त्री मोहल्ल्यांत बोलींचा फरक गल्लीगणिक ऐकू येई, आणि शेजारच्या मुसलमानांना ती कळत नसे, याचा त्या समाजाला वाईट दिवसांत उपयोगही झाला. आता यझ्दमध्ये ती फारसीपुढे मागे हटते आहे, आणि इकडे नातवंडे गुजराती, हिंदी, इंग्रजीत बोलतात. मुंबईत ती सहजपणे बोलणारे बहुतेक जण वयस्क आहेत.